फ्लाईटआधी एअरपोर्टवर खायचं कसं? वेळ, पोट आणि खिसा तिन्ही सांभाळून

एअरपोर्टवर काय खायचं ते नंतर बघू, आधी कधी खायचं ते ठरवून घ्या, कारण तिथे धावपळ होते ती जवळजवळ नेहमी वेळेमुळेच. मी हे मुख्यतः मुंबई-पुण्याहून उडणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही जे वर्षातून एखाददोन वेळा विमानाने जातात, सोबत आई-बाबा नाहीतर लहान मुलं असतात, पहाटे अंधारात घरातून निघालेले असतात आणि पोटात नुसता अर्धा कप चहा असतो, त्यांच्यासाठी. रोज उडणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं.

तर उलटं गणित करायचं. समजा मुंबईहून सकाळी ७:३० ची नागपूरची फ्लाईट आहे. तिकिटावरचे साडेसात म्हणजे विमान जागेवरून हलायची वेळ, गेट त्याच्या २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ७:०५ धरा. बोर्डिंग साधारण पाऊण तास आधी सुरू होतं, म्हणजे पावणेसात. टी-२ ला, म्हणजे मुंबईच्या टर्मिनल २ ला, सिक्युरिटीपासून लांबच्या गेटपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, त्यात आईच्या गुडघ्यांचा वेग धरायचा, मधे एकदा बाथरूम धरायचं. म्हणजे साडेसहाला तुमचं खाणं आटपून हात धुऊन झालेले हवेत. सकाळच्या गर्दीत ऑर्डर देऊन ट्रे हातात यायला १५-२० मिनिटं आणि नीट चावून खायला १५ मिनिटं, म्हणजे ऑर्डर सहाच्या आत गेली पाहिजे, म्हणजे सिक्युरिटी पावणेसहापर्यंत उरकलेली हवी, म्हणजे एअरपोर्टच्या दारात पाचच्या सुमारास. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत शिरायचं ॲप, फोनवर चालू करून ठेवलेलं असेल तर आत शिरताना थोडा वेळ वाचतो पण त्या वाचलेल्या वेळेवर खाण्याचा प्लॅन करू नका, सिक्युरिटीची लाईन कुणाच्या हातात नसते.

हे गणित कागदावर मांडलं की लगेच कळतं की उशीर झाला असेल तर फूड कोर्टकडे बघायचंच नाही. गेट बंद व्हायला चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर बनवून देणारं काही मागवू नका, समोर काचेत तयार ठेवलेलं सँडविच, केळं, मफिन, बिस्किटाचा पुडा असं काहीतरी उचला आणि गेटकडे निघा, चालत्या विमानात खाल्लं तरी चालतं.

आणि हो, अनाउन्समेंटच्या भरवशावर बसू नका. मुंबई सायलेंट एअरपोर्ट आहे, प्रत्येक फ्लाईटच्या बोर्डिंगची घोषणा तिथे होत नाही, स्क्रीनवर दिसतं तेवढंच. लोक मस्त कोपऱ्यातलं टेबल पकडतात, एसी गार, मुलं बर्गर खातायत, आणि "सांगतील ना आपल्याला" म्हणून निवांत असतात. कुणी सांगत नाही. म्हणून बसताना स्क्रीन दिसेल अशी खुर्ची बघा, फोनमध्ये बोर्डिंगच्या पाच मिनिटं आधीचा अलार्म लावा आणि गेट नंबर बदललाय का ते मधेमधे बघत रहा. गेट आयत्या वेळी बदलतात, बोर्डिंग पासवर छापलेला नंबर हा शेवटचा शब्द नसतो.

खायचं सिक्युरिटीच्या नंतरच. बाहेर सोडायला आलेल्या मंडळींबरोबर चहा-वडा खात बसण्यात जीव रमतो हे मला कळतं, पण त्या गप्पांमध्ये अर्धा तास कधी जातो समजत नाही आणि मग आत पळापळ. निरोप आधी घ्या, आत जा, एकदा आपलं गेट कुठे आहे ते लांबून का होईना बघून ठेवा, मग खायला बसा. गेटजवळच काही मिळत असेल तर उत्तमच, पण टोकाच्या गेटांजवळ बऱ्याचदा एखादं कॉफीचं दुकान आणि चिप्सचं रॅक एवढंच असतं, गरम खायचं असेल तर मधल्या फूड कोर्टातच उरकावं लागतं.

आता काउंटरवर कसं वागायचं. पैसे द्यायच्या आधी विचारायचं, "दादा, किती वेळ लागेल? सव्वासहाला निघायचंय." एवढं एक वाक्य. तो मागे किचनकडे वळून बघतो, रेलिंगला लटकलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या बघतो आणि बहुतेक वेळा खरं सांगतो, की डोशाला वीस मिनिटं जातील, इडली लगेच देतो. त्याचं ऐका. मशीनवर स्वतः ऑर्डर टाकायची असेल तर हे विचारायची सोय नसते म्हणून आधी वर लावलेल्या स्क्रीनकडे बघा, एका बाजूला तयार होत असलेले नंबर आणि दुसऱ्या बाजूला तयार झालेले. डावीकडे पंधरा-वीस नंबर साचलेत आणि उजवीकडे एक-दोनच येतायत, समोर बॅगा घेऊन माणसं नुसती उभी आहेत, तर शेजारचं दुकान बघा. बिलाची पावती फेकू नका, नंबर त्यावरच असतो, आणि ऑर्डर चुकीची आली तर तीच दाखवावी लागते.

दोघं-तिघं असाल तर एकाने लाईनमध्ये उभं रहायचं, एकाने टेबल आणि बॅगा सांभाळायच्या. बॅग टेबलवर ठेवून सगळे जण काउंटरवर गेलात तर बेवारस सामान म्हणून सीआयएसएफचे जवान चौकशीला येतात आणि ते त्यांचं कामच आहे.

खाण्याआधी हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका. आत्ताच तुम्ही सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये हात घातलाय, त्यात दिवसभर लोकांचे बूट, पट्टे, फोन जात असतात, ट्रॉलीचा दांडा तर विचारूच नका. आणि बर्गर-रोल हातानेच खायचा असतो.

आता पोटाचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विमान पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी केबिनमधली हवा दाबून साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी ठेवलेली असते. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. म्हणजे विमानात बसल्याबसल्या तुम्ही कळसूबाईच्याही वर असता. महाबळेश्वरला नेलेलं वेफर्सचं पाकीट वर पोचेपर्यंत टम्म फुगतं ना, तसंच आतड्यातल्या गॅसचं होतं, बाहेरचा दाब कमी झाला की तो पाव पटीने, कधी त्याहूनही जास्त फुगतो. जमिनीवर जेवढ्या गॅसचा त्रास जाणवलाही नसता तेवढाच वर गेल्यावर पोट तडतडायला लावतो, शिवाय तुम्ही पट्टा लावून घडी घालून बसलेले, उठायची सोय नाही.

म्हणून उडायच्या आधी छोले-भटुरे नको, राजमा नको, मिसळ नको (मिसळ मला जीव की प्राण आहे, तरी नको), कोबी घातलेलं चायनीज नको आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कोल्ड्रिंक नको. कॉम्बोमध्ये ते जवळजवळ फुकट पडतं म्हणून लोक मोठा ग्लास घेतात आणि तो बुडबुड्यांसकट पोटात घेऊन वर जातात. कॉम्बोमध्ये बदलून पाणी किंवा चहा मिळतो का विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. च्युइंगगम चघळताना पण हवा गिळली जाते, कान बंद होतात म्हणून चघळायचंच असेल तर विमान खाली उतरायला लागल्यावर चघळा, तासभर आधीपासून नको.

तळलेल्याचं वेगळं दुखणं आहे. तेल-तूप-चीज जास्त असलेलं खाणं पोटातून पुढे सरकायला वेळ घेतं, तेवढा वेळ ते जडपणे बसून रहातं, आणि ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांना विमानात मागे रेललं की घशाशी येतं. त्यात केबिनमधली हवा फार कोरडी असते, खारट फ्राईज खाऊन चढलात की अर्ध्या तासात तोंडाला कोरड. फ्राईज खायच्याच असतील तर लहान घ्या आणि दोघांत खा.

मग खायचं काय? इडली, उपमा, पराठ्याचा रोल, अंडा भुर्जी-पाव, ग्रिल्ड व्हेज सँडविच, साधा आलू टिक्कीचा किंवा चिकनचा एकच थर असलेला बर्गर, लिंबू भात, दहीभात, केळं. यातलं एक, आणि पोटात थोडी जागा राहील इतपतच. काहीच न खाता चढणं पण वाईट, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी तर अजिबात उपाशी जाऊ नये, सुकं आणि थोडं असं काहीतरी तासभर आधी खाऊन घ्यावं. इडलीबरोबरची खोबऱ्याची चटणी मी सकाळी खाते, दुपारनंतर नाही, ती सकाळपासून बाहेर असण्याची शक्यता असते. मेयो, पनीर, चिकन असलेलं सँडविच पार्सल घेतलं तर दोन तासांच्या आत संपवा, "उतरल्यावर खाऊ" म्हणून बॅगेत ठेवू नका.

मोठ्या साखळी दुकानांमध्ये मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिलेल्या असतात, दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्यांना एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ते बंधनकारक केलंय. वजनासाठी नाही म्हणत मी, पण एकाच दुकानातला साधा बर्गर आणि डबल चीजवाला यांचे आकडे शेजारी ठेवून बघितले की कुठला जड पडणार हे आपोआप कळतं.

आता माझा खरा सल्ला ऐका. अर्धं घरून न्या, अर्धं तिथे घ्या. मेथीचे ठेपले, दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, भडंग, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, हे सगळं हँडबॅगेतून बिनदिक्कत जातं. सिक्युरिटीवाले फार तर डबा उघडायला सांगतील. तिथे फक्त गरम काहीतरी घ्यायचं, चहा, सूप, फार तर एक प्लेट इडली. दशमी घरून नेताना एकेक वेगळी बटर पेपरमध्ये गुंडाळा, आतून चिमूटभर सुकी शेंगदाण्याची चटणी पसरून, घट्ट वळकटी करून, खालचं टोक आत दुमडून. मग खाताना कागद वरून थोडाथोडा सोलत जायचा, ताट लागत नाही, हात तेलकट होत नाहीत, कपड्यांवर सांडत नाही, आणि सीटवर बसून एका हाताने पण खाता येते.

नेऊ नये ते पण सांगते. ताक, दही, आमटी, तेलात बुडलेलं लोणचं हे हँडबॅगेत अडवलं जातं किंवा निदान वाद तरी होतो, इंटरनॅशनलला तर १०० मिलीच्या वर कुठलंही पातळ चालतच नाही. तिखट-मसाल्याच्या पुड्या चेक-इन बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र कुठेच टाकू नका, त्यात तेल इतकं असतं की ते पेट घेऊ शकतं म्हणून त्याला मनाई आहे, आणि आपल्याकडे कोकणातून येताना लोक हमखास दोन वाट्या घालतात. लहान बाळाचं दूध, खिमट, औषधं याला सवलत असते, फक्त बॅगेत वर ठेवा आणि आधीच सांगा. विमानात सुकट-बोंबील, उकडलेली अंडी असले उग्र वासाचे डबे उघडू नका, शेजारच्याला खिडकी उघडता येत नाही.

पाण्याची बाटली रिकामी न्या. सिक्युरिटीनंतर बाथरूमच्या शेजारी पिण्याचं फुकट पाणी असतं, तिथे भरा. एवढ्या एका गोष्टीत घरातल्या चौघांच्या प्रवासात नाश्त्याइतके पैसे वाचतात.

पैशाचा विषय निघालाच तर दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. पाकीटबंद वस्तू दुकानातून घेतली तर छापलेल्या एमआरपीच्या वर पैसे घेता येत नाहीत, एअरपोर्ट असलं तरी नाही, आणि एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायलाही २०१८ पासून बंदी आहे. पण रेस्टॉरंटमध्ये टेबलवर बसून तीच पाण्याची बाटली मागवली तर जास्त लावू शकतात, सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये हॉटेलांच्या बाजूने तसा निकाल दिलाय. म्हणून बाटली, बिस्किटं दुकानातून घ्यायची, टेबलवर मागवायची नाहीत. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर शांतपणे काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, २०२२ च्या नियमात तसं आहे आणि दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये तेच सांगितलं. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

स्वस्त चहासाठी उडान यात्री कॅफे शोधा, हा एअरपोर्टवरचा सरकारी स्वस्त कॅफे. पहिला कोलकात्याला डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, १० रुपयात चहा, १० रुपयात पाणी, २० रुपयात समोसा, मग चेन्नई, पुणे अशा इतर ठिकाणी आला. गर्दी असते, लाईनचा वेळ गणितात धरा.

लाउंजचं, म्हणजे बँकेच्या कार्डावर आत जाऊन बसता-खाता येतं त्या जागेचं, एवढंच सांगते की कार्डावर खरंच मिळतंय का ते घरूनच बघून जा, बँकांनी अटी बऱ्याच कडक केल्यात, आणि सकाळी तिथली लाईनच फूड कोर्टापेक्षा मोठी असते.

आई-बाबांना घेऊन जात असाल तर मेनूकार्ड त्यांच्या हातात देऊ नका. किंमत बघितली की "मला भूकच नाही" सुरू होतं, मग ते उपाशी चढतात, बीपी-शुगरच्या गोळ्या रिकाम्या पोटी पडतात किंवा पडतच नाहीत. त्यांना खिडकीजवळ बसवा, विचारत बसू नका, त्यांना मऊ जाईल, तिखट नसेल असं तुम्हीच घेऊन या आणि पैसे फोनवरून तिथल्या तिथे भरून टाका. डायबेटिस असेल तर फ्लाईट लेट होणार हे धरूनच दोन दशम्या आणि थोडी साखर किंवा ग्लुकोजचा पुडा त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये असू द्या, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको, पट्टा लावलेला असताना ती काढता येत नाही. चहा-कॉफी चढायच्या अगदी आधी नको, टेकऑफच्या वेळी बराच वेळ उठू देत नाहीत आणि म्हातारी माणसं संकोचून बोलत नाहीत. उपास असेल तर साबुदाणा खिचडी मिळेल या आशेवर जाऊ नका, डबा न्या.

मुलांचं, खेळणंवाला मील पाहिजे म्हणून हट्ट करतात, घ्या, पण अर्धाच खाऊ द्या आणि उरलेलं फ्राईज वगैरे तिथेच राहू द्या. दूध पाजायचं असेल तर बाळाला टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी पाजा, गिळताना कान मोकळे होतात, म्हणून गेटवर पोट भरून पाजू नका, थोडी भूक शिल्लक ठेवा.

आणखी एक, तुमच्या तिकिटात जेवण आहे का ते आधी बघा. इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये साधारणपणे विकत घ्यावं लागतं आणि आधी बुक केलं तर नक्की मिळतं, एअर इंडियात मिळतं. वर जेवण आहे हे माहीत नसल्यामुळे लोक खाली पोटभर खातात आणि मग ट्रे आला की तोही सोडवत नाही.

परदेशात ट्रान्झिट असेल, म्हणजे मधे उतरून विमान बदलायचं असेल तर शाकाहारी मंडळींनी जास्त जपायचं. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याची सवय असते, तिकडे तो नसतो. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राईजमध्ये बीफचा फ्लेवर असतो, म्हणजे "फ्राईज तरी खा" हा मुलांनी आईला दिलेला सल्ला तिथे चालत नाही, दाण्यांचं पाकीट, फळं, साधा ब्रेड-चीज बरा. आणि दुबईला जाताना दिवाळीचे अनारसे नेऊ नका, खसखस तिकडे अमली पदार्थात मोडते आणि त्यावरून लोक खरंच अडकलेत. इथेच वाटून टाका.

शेवटचं, फ्लाईट लेट झाली तर. वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला उशीर ठराविक वेळेपुढे गेला की एअरलाईनने खाणं-पिणं द्यायचं असतं, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाईटला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या फ्लाईटला तीन तास, त्याहून लांब असेल तर चार तास. म्हणजे मुंबई-नागपूर दोन तास पुढे गेली की तुमचा हक्क लागू होतो. पण ते आपणहून सगळ्यांच्या हातात येईलच असं नाही, म्हणून गेटवरच्या माणसाला बोर्डिंग पास दाखवून सरळ विचारा, "रिफ्रेशमेंट कुठे देताय?" कधी कुपन देतात, कधी पॅकेट. कुपन असेल तर ते कुठल्या दुकानात आणि किती रुपयांपर्यंत चालतं ते तिथेच विचारून घ्या, आणि घ्यायला जाताना घरातल्या एकाला गेटवर बसवून जा, कारण लेट झालेल्या फ्लाईटची नवी वेळ कधीकधी परत अलीकडे येते.